पितळेचा दात

तीन दिवस झाले,
प्लॅस्टिकच्या टबात बुडून आहेत
चरकाचे अवयव:
मळसूत्री दांडा, त्याचा पसरट नट,
दोन दातेरी चाकं,
आणि एक पट्टी, जिचं काम मला अजून कळलेलं नाही.

व्हिनेगर ऑर्फेलिनाच्या घरचं.
तिची चिचा, सफरचंदाची दारू,
यंदा पिण्यापलीकडे आंबली,
तेव्हा कॅन आणून दारात ठेवला तिनं:
"घे, एदुविना, तुझ्या लोखंडाला पाज."
गंमतच.
ज्या सफरचंदांचा यानं एके काळी चेंदा केला
त्यांच्याच आंबटपणात याला भिजत घातलंय.
सफरचंदं काही बोलत नाहीत.
वर नुसता तपकिरी फेस येतो.

इथे चिलोए बेटावर
गंज कुणाला नवा नाही.
खिळा ठोकला की दुसऱ्या महिन्यात
फळीवरून लाल ओघळ उतरतो.
बिजागऱ्या, सायकली, होडीची साखळी,
चर्चच्या घंटेची जीभसुद्धा.
तिन्ही बाजूंनी समुद्र, चौथ्या बाजूला पाऊस.
जुन्या माणसांनी घरं बांधली
ती म्हणूनच लाकडी खुंट्यांवर.

पण हा चरक चाळीस वर्षं
गोठ्यामागच्या खोपटात पडून होता,
त्याचं कारण पाऊस नव्हे.
"तुझ्या मामानं मोडला," आई सांगायची,
"चाकाचा दात मोडला आणि दुसऱ्या सकाळच्या बोटीनं
पुंता अरेनासला पळाला.
मोडणं जमतं, निस्तरणं नाही,
असा आमचा अबेलार्दो."
तेव्हापासून आमची सफरचंदं
दर मार्चला ऑर्फेलिनाच्या चरकावर.
रसाचा तिसरा हिस्सा तिचा.
खोपटाची कडी आईनं काढली नाही.
खरं सांगायचं तर मीही नाही.

चौथ्या सकाळी हातमोजे चढवले,
तारेचा ब्रश घेऊन बसले.
गंज आधी पापुद्र्यांनी निघतो,
मग चिखलासारखा,
मग नुसता हट्टासारखा:
धरलंय तिथे धरलंय.
बेचक्यांतून काडीनं काढावा लागतो.
धाकट्या चाकाचे दात मोजत चालले होते,
नऊ, दहा, अकरा...

बारावा पिवळा.

पुन्हा घासला. पिवळाच.
व्हिनेगरनं जरा गुलाबी पडलेला, पण पितळ.
वितळवून बसवलेला, कानशीनं घडवलेला,
शेजारच्या दातांहून केसभर जाड,
मुळाशी घाईचे ओरखडे.
कंदिलाच्या उजेडात केलेलं काम असं दिसतं.
दोन्ही चाकं जुळवून ओलीच फिरवली.
कुठे अडलं नाही.

सांगून का गेला नाही,
ते चाकाला माहीत नाही.

एवढ्यात, वाळायच्या आतच,
लोखंडावर पुन्हा केशरी झाक चढू लागली.
नुकतं उघडं झालेलं लोखंड
इतकं अधीर असतं.
मग सगळं धावत: सोड्याचं पाणी, फडकं,
चुलीच्या कडेला शेक, शिवणयंत्राचं तेल.
विचाराला वेळ नव्हता. बरं झालं.

संध्याकाळी चाक
आईच्या मांडीवर ठेवलं, एप्रनवर.
नव्वदीला दोन कमी, डोळे गेल्यात जमा.
बटाटे चाचपते तसे
तिनं दात चाचपले, एकेकावर थांबत.
एका दातावर बोट थांबलं.
पुढे गेलं.
परत आलं.

शेगडीवरचं पातेलं उतू गेलं,
मी उठले नाही.

"व्हिनेगर कुणाचं वापरलंस?"
"ऑर्फेलिनाचं."
"तिला सांगून ठेव," आई म्हणाली,
"मार्चमध्ये तिसरा हिस्सा मिळायचा नाही."

चाक तिनं परत दिलं नाही.
रात्री पांघरूण घालायला गेले
तर उशीच्या अभ्र्यावर
तेलाची पाच बोटं.